पडदा उघडेपर्यंतचा श्वास

बोईसरच्या कारखान्यांत त्या काळी कॉम्प्युटरवर काम केलेल्या कुणालाही त्याच्याबद्दल विचारा, चांगलंच बोलतील. मीही बोलेन, पण आधी माझं काय गेलं ते सांगेन. एक अख्खा कारखाना माझ्या हातातोंडाशी आला होता आणि त्याच्यामुळे गेला. समोर असताना मी त्याला अहो-जाहो करायचो, पाठीमागे रागानं एकेरीवर यायचो. ती सवय अजून गेलेली नाही, म्हणून इथेही ‘तो’च.

मी या भागात आलो तो वायरमनचा हेल्पर म्हणून. गाव घाटावरचं. कॉलनीतले पंखे दुरुस्त केले, मग स्टॅबिलायझर विकले, मग कारखान्यांच्या ऑफिसांना कॉम्प्युटर जोडून द्यायला लागलो. नवापूर रस्त्यावर दोन गाळे झाले. इंग्रजी माझं जेमतेम, पण भाव करण्यात मी कुणाला हार गेलो नाही. मुंबईचे पुरवठादार मला दारात बघितलं की आधी चहा सांगायचे, कारण बैठक लांबणार हे त्यांना ठाऊक असायचं.

तो पहिल्यांदा दुकानात आला तो कीबोर्डची एक कळ मागायला. अख्खा कीबोर्ड नको, फक्त एन्टरची कळ.

“साहेब, कळ सुटी मिळत नाही. कीबोर्ड घ्या,” मी म्हणालो.

“बाकीच्या चालू आहेत.”

“तरी घ्या. जुना झाला असेल.”

“बाकीच्या चालू आहेत,” तो पुन्हा तेवढंच म्हणाला आणि उभा राहिला. चिडून मी भंगारातल्या कीबोर्डची कळ उपटून त्याच्या हातावर ठेवली. तरी तो जाईना. माझा प्रोग्रामर एका गिऱ्हाइकाला बिलाचा प्रोग्राम दाखवत होता. कळ हातात घेऊन हा मागून बघत राहिला आणि म्हणाला, “हे ‘रद्द’चं बटण ‘जमा’च्या शेजारी का आहे?”

प्रोग्रामरला सांगता आलं नाही. गिऱ्हाइकानं माझ्याकडे बघितलं. मलाही सांगता आलं नाही.

असा तो माझ्याकडे कामाला आला. आधी मुंबईत कुठल्याशा मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होता, तिथून का निघाला ते कधी कळलं नाही. एकटा उमरोळीला राहायचा आणि सायकलनं बोईसरला यायचा. पगाराचा आकडा मी मुद्दाम कमी बोललो. त्यानं मान हलवली. मला वाईट वाटलं. समोरचा ओढाताण करत नसेल तर मला त्या व्यवहारात चवच लागत नाही. मग तो म्हणाला, “एक अट आहे. मी केलेल्या पडद्यावर मला न विचारता काही वाढवायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ती अट मी फुकटात पडली म्हणून हसत कबूल केली.

स्क्रीनला तो पडदा म्हणायचा. दुकानातल्या चाकांच्या खुर्चीवर तो कधी बसला नाही. घरून एक लाकडी स्टूल आणलं. चाकं असली की माणूस विचार करताना मागे सरकतो, असं त्याचं म्हणणं. नवीन पडदा करायचा असला की कॉम्प्युटर लावायचाच नाही. पुठ्ठ्याचे तुकडे कापायचा, त्यावर ‘जमा’, ‘शोधा’, ‘छापा’ लिहायचा आणि ज्याला तो पडदा वापरायचा आहे त्याच्या टेबलावर पसरून म्हणायचा, मांडा. माणसं लाजायची, हसायची, मग मांडायची. तो त्यांचा हात बघत बसायचा. कोण डाव्या हातानं फोन धरतो, कोण पेन कानावर ठेवतो, हे सगळं बघून तो कुठली चौकट आधी, कुठली नंतर, कुठलं बटण केवढं, हे ठरवायचा. आणि मग एकेक तुकडा उचलून खिशात घालायचा. “हे लागणार नाही. हेही नाही.” जेवढी बटणं गिऱ्हाइकानं मागितली असतील त्याच्या निम्मीही शेवटी उरायची नाहीत. मी बटणं वाढवून भाव वाढवणारा माणूस. खिशात गेलेल्या प्रत्येक तुकड्याचा भाव मी मनात मोजायचो.

आणि श्वास. माऊसचं बटण दाबलं की तो श्वास धरायचा. पडदा उघडला की सोडायचा. नवी गिऱ्हाइकं समजायची याला दमा आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “तुम्हीही धरता. तुम्हाला कळत नाही एवढंच.”

मी हसलो. पण त्यानंतर मी माणसं बघायला लागलो. खरंच, कळ दाबली की समोरचा घडीभर दगड होतो. खांदे वर, तोंड किंचित उघडं. पडदा आला की खांदे खाली.

“माझ्या एका श्वासात जो पडदा उघडत नाही तो मी कुणापुढे ठेवणार नाही,” तो म्हणायचा. हे तो गिऱ्हाइकासमोरही बोलायचा. ते ऐकून गिऱ्हाईक त्याच्याशी भाव करायचं सोडून श्वास मोजायला लागायचं.

पालघरला खताचं दुकान असलेल्या एका शेठनं हट्ट धरला की पडद्यावर कोपऱ्यात आपला फोटो पाहिजे, फेट्यातला. मी लगेच हो म्हटलं, वरून पैसे लावता येणार होते. अट आठवली तेव्हा उशीर झाला होता. पण तो शांत होता. “हरकत नाही. पण फोटोनं जागा अडवली तर त्यालाही काम करावं लागेल,” म्हणाला. फोटो लागला, छान लागला. शेठ खूश. दुसऱ्या आठवड्यात शेठचा फोन आला, आवाज चढलेला. फोटो दाबला की प्रोग्राम बंद व्हायचा. नोकर रोज संध्याकाळी शेठच्या नाकावर टिचकी मारून दुकान बंद करत होते, आणि ते बघायला शेजारच्या दुकानातले लोक जमत होते. फोटो काढून टाका, शेठ म्हणाला. फोटो काढायला तोच गेला आणि येताना शेठकडून खताची पिशवी भेट घेऊन आला. शेठनं ती का दिली ते मला अजून कळलेलं नाही.

आता कारखान्याचं सांगतो.

औषधांचा कच्चा माल करणारा तो कारखाना औद्योगिक वसाहतीत मोठ्यांपैकी होता. त्यांच्या स्टोअरमध्ये सुट्या भागांची कार्डं होती, लाकडी ट्रेमध्ये उभी लावलेली. स्टोअर सांभाळायचे तांडेलमामा, दांडी गावचे, निवृत्तीला आलेले, युनियनचे जुने गडी. त्यांची एक पद्धत होती. एखादा भाग संपला की त्याचं कार्ड ते ट्रेमध्ये उलटं लावायचे, पाठ पुढे. ट्रे खिडकीकडे तोंड करून ठेवलेला. फिटर बाहेरूनच नजर टाकायचे. छापील बाजू दिसली तर माल आहे, कोरी पाठ दिसली तर नाही. विचारायचं नाही, बोलायचं नाही. वर्षानुवर्षं तो कारखाना असा नजरेवर चालला होता.

ते सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं काम निघालं. मुंबईची एक मोठी कंपनीही ते मागत होती. मला ते काम मिळालं तर त्याच मालकाचे आणखी दोन कारखाने मागोमाग येणार होते, आणि मी पेट्या विकणारा न राहता प्रोग्राम करणारा झालो असतो. नाही मिळालं तर पुन्हा स्टॅबिलायझर. पर्चेस मॅनेजर म्हणून जे गृहस्थ होते ते गोड बोलणारे, पांढरा शर्ट, टेबलावर एक कागद इकडचा तिकडे नाही. त्यांनी मला विचारलं, “यादी मोठी आहे आमची. पडदा उघडायला किती वेळ घेईल?”

“पापणी लवायच्या आत,” मी म्हणालो.

“पापणी,” ते म्हणाले. “बरं. लक्षात ठेवतो.”

आमचा पडदा असा होता. डावीकडे कारखान्याचं नाव, त्याच्यापुढे एक छोटा प्लस. तो दाबला की त्याखाली विभाग. विभागापुढे प्लस, तो दाबला की यंत्रं. यंत्रांखाली त्यांचे भाग, आणि भागापुढचा प्लस दाबला की शिल्लक माल. आम्ही त्याला झाड म्हणायचो. दुकानात दोन-चार यंत्रं भरून बघितलं तेव्हा ते खरोखर पापणीत उघडलं. मग माझ्याच पैशांचं मशीन मी चाचणीसाठी स्टोअरच्या खिडकीत नेऊन ठेवलं, ट्रे असायचा त्याच जागी, तोंड बाहेर. कार्डं ट्रंकेत गेली. कारखान्याची खरी यादी आत भरली, सगळे पंप, सगळे व्हॉल्व्ह, सगळे बोल्ट. मी बटण दाबलं.

काही झालं नाही. आधी वाळूचं घड्याळ आलं, मग पडदा पांढरा झाला. शेजारी तो श्वास धरून उभा होता. त्याचा चेहरा लाल झाला, मानेची शीर वर आली. शेवटी हरून त्यानं श्वास सोडला. पडदा पांढराच.

तांडेलमामांनी चष्मा वर केला. “पेरलंय ना बराबर? उगवू दे. मी तवर चा पिऊन येतो.”

ते गेले, चहा पिऊन आले, आणि मग झाड उगवलं.

परत येताना रस्त्यातच त्याला म्हणालो, “एक पट्टी टाका. डावीकडून उजवीकडे भरत जाणारी. काहीतरी हलताना दिसलं की माणसं थांबतात.”

“काय हलतंय ते?”

“काहीही. निळा रंग.”

“म्हणजे काम तेवढंच होणार, आणि वर एक खोटी पट्टी.”

“अहो, मी शब्द दिलाय तिथे.”

“तुम्ही दिलाय,” तो म्हणाला. “पडद्यानं दिलेला नाही.”

मी त्याच्यावर ओरडलो. भर रस्त्यात, कारखाना सुटलेली माणसं बघत असताना ओरडलो. तो सायकल हातात धरून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानात आलाच नाही. स्टूल उचलून स्टोअरच्या खिडकीशी जाऊन बसला होता.

दोन दिवसांनी आला तो उत्तर घेऊन. अख्खी यादी कुणीच बघत नाही, म्हणाला. फिटर येतो तो आपल्या पंपापुरता. मग अख्खं झाड आधी उगवायचं कशाला? पहिल्यांदा फक्त खोड दाखवायचं. जी फांदी दाबली जाईल तेवढीच त्या क्षणाला यादीतून आणायची.

अडचण एकच होती. आत काही असल्याशिवाय प्लस दिसत नाही, आणि प्लस नसला तर दाबायचं काय? त्यावर त्या धंद्यात एक युक्ती होती. प्रत्येक फांदीत एक रिकामं, बिनानावाचं पान घालून ठेवायचं. त्यामुळे सगळीकडे प्लस दिसतो. दाबला की ते नकली पान काढून खरी पानं आणायची. त्यानं ते करून दाखवलं. बटण दाबलं आणि झाड समोर. पापणी लवायला वेळच नव्हता. मी त्याला मिठी मारायचा बाकी होतो.

तो मात्र खूश नव्हता. “रिकाम्या फांदीलाही प्लस दिसतोय. दाबल्यावर निघून जातो.”

“जाऊ दे ना. दाबल्यावर कळतं की काही नाही.”

“दाबलं तर.”

“न दाबता कोण बघणार?”

त्यानं उत्तर दिलं नाही. त्याचं हे असंच. उत्तर नसलं की माणूस गप्प बसतो, पण हा उत्तर असलं की गप्प बसायचा.

हा पडदा चाचणीसाठी खिडकीत चालू राहिला. कार्यक्रम सोमवारी ठरला. कारखान्याचा वार्षिक शटडाऊन तोंडावर होता. सगळी यंत्रं थांबवून उघडायची, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा चालू करायचं. त्याआधी पर्चेस मॅनेजर आणि मेंटेनन्सचे मोठे इंजिनिअर स्टोअरमध्ये येऊन पडदा बघणार होते. मी नवा शर्ट घातला. मुंबईच्या कंपनीचा माणूसही आला होता, हातात बॅग, चेहऱ्यावर कंटाळा. आमचा तो आधीच येऊन आपल्या स्टुलावर बसलेला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

“दाखवा, तुमची पापणी,” मॅनेजर म्हणाले.

त्यानं बटण दाबलं आणि श्वास धरला.

पडदा पांढरा झाला.

मी त्याच्याकडे बघितलं. शनिवारी हाच पडदा चुटकीसरशी उघडत होता. मुंबईवाल्यानं बॅग या हातातून त्या हातात घेतली. मॅनेजरनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. त्याच्या मानेची शीर वर आलेली. माझाही श्वास धरलेला होता हे मला झाड उघडल्यावर कळलं. त्याचा श्वास पुरला, अगदी काठावर पुरला. पण पापणी कुठेच नव्हती.

“हं,” मॅनेजर म्हणाले.

इंजिनिअर तेवढ्यात पुढे झुकले. दक्षिणेकडचे होते, हिंदीत बोलायचे. रिॲक्टरची, म्हणजे ज्या मोठ्या बंद हंड्यात माल शिजायचा त्याची फांदी त्यांनी स्वतः उघडली. आतल्या ढवळणीची गळती थांबवणाऱ्या सीलवर बोट ठेवलं. “इसके आगे का प्लस कहाँ गया? शनिवार को था. मैंने खिड़की से देखा था.”

“होता,” तो म्हणाला. “तो खोटा होता. आता ज्याच्या आत माल आहे त्याच्यापुढेच प्लस येतो.”

“मतलब?”

“म्हंजे कार्ड उलटं हाय, साहेब,” तांडेलमामा खिडकीतून म्हणाले. “सील नाय. संपून महिना झाला.”

ते सील बाहेरच्या देशातून यायचं, मागवल्यावर आठवडे लागायचे. शटडाऊनमध्ये रिॲक्टर उघडला आणि नवं सील नसलं तर तो पुन्हा बंद करता आला नसता. कारखाना ठप्प पडला असता.

“मामा, आपने बताया क्यों नहीं?”

“मला कोनी विचारलं? मी कार्ड उलटं केलं, मागणी वर पाठवली. तुमी कार्डं ट्रंकेत टाकलीत.”

“मागणी वर कुणाकडे?” हे इंजिनिअरनी मराठीत विचारलं.

मामांनी पर्चेस मॅनेजरकडे बघितलंसुद्धा नाही. आपला चष्मा पुसत राहिले. ते पुरेसं होतं. इंजिनिअर वळले. मॅनेजरचा चेहरा त्यांच्या शर्टाच्या रंगाचा झाला. महिनाभर ती मागणी त्यांच्या टेबलावर होती, जिथे एक कागद इकडचा तिकडे नव्हता.

सील त्याच दिवशी विमानानं मागवलं गेलं. वेळेत आलं. कारखाना वाचला म्हणायला हरकत नाही. आणि संध्याकाळी मला फोनवर मॅनेजरचा निरोप आला. दोन ओळींचा होता, आवाज नेहमीसारखाच गोड. तुम्ही पापणी म्हणाला होतात. आम्ही मुंबईच्या कंपनीला काम देतो आहोत.

त्याला मी दुकानात उभं केलं.

“पडदा कधी बदललात?”

“काल.”

“का?”

तेव्हा त्यानं सांगितलं. शनिवारी तो रिॲक्टरची फांदी उघडून खिडकीशी बसला असताना इंजिनिअर बाहेरून गेले. चालता चालता पडद्याकडे नजर टाकली, सीलपुढे प्लस बघितला, मान हलवली आणि पुढे गेले. दाबलं नाही. “इथे कुणी दाबत नाही,” तो म्हणाला. “बघतात आणि जातात. त्यांना वाटतं प्लस म्हणजे सरळ कार्ड. मग मी प्रत्येक फांदीच्या टोकापर्यंत जाऊन माल आहे का ते बघून मगच प्लस लावला. त्याला वेळ लागतो.”

“आणि हे तुम्हाला शनिवारी कळलं.”

“हो.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“सोमवारी पडदा सांगणारच होता.”

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. शनिवारी मला सांगितलं असतं तर मी रविवारी सकाळी मॅनेजरच्या घरी गेलो असतो. एकट्यात म्हणालो असतो, साहेब, सील संपलंय, कागद तुमच्याकडे आहे, आजच फोन लावा, मी कुणाला बोलणार नाही. सील एक दिवस आधी आलं असतं. रिॲक्टर वाचला असता. मॅनेजर जन्मभर माझा मिंधा राहिला असता आणि तिन्ही कारखाने माझे झाले असते. यात कुणाचं काय वाईट होत होतं? मी हे त्याला टेबलावर हात आपटून विचारलं.

तो जरा वेळ विचार करत राहिला. खरंच विचार करत होता, टाळत नव्हता. मग म्हणाला, “हे मला सुचलं नाही.”

“उद्यापासून येऊ नका,” मी म्हणालो.

त्यानं स्टूल सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि गेला.

माझं मशीन अजून स्टोअरच्या खिडकीत होतं. शटडाऊन सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मी टेम्पो घेऊन ते आणायला गेलो. बघतो तर हा स्टुलावर बसलेला, मामांच्या शेजारी. माझ्याकडून काढल्यापासून रोज येत होता म्हणे. मुंबईची कंपनी शटडाऊननंतर येणार होती, तोवर त्याला कुणी हटकलं नाही.

“शेठ, बघा,” तो म्हणाला आणि बटण दाबलं. माझं भांडण तोंडात राहिलं. झाड उघडलंसुद्धा होतं. ज्यात माल होता त्याच फांद्यांना प्लस, बाकी कोऱ्या.

“हे कसं केलंत?”

“टोकापर्यंत आता बघावंच लागत नाही. माल देताना किंवा घेताना तो आकडा फांदीवरून वर वर जातो आणि खूण बदलून ठेवतो. त्याला तेव्हा क्षणभर लागतो, पण मामा तेव्हा पावती फाडत असतात. त्यांना कळत नाही.”

“मला तर काय पन कळत नाय,” मामा म्हणाले.

मी बघत राहिलो. “हे आठ दिवस आधी झालं असतं तर?”

“आठ दिवस आधी मी मामांना पावती फाडताना नीट बघितलं नव्हतं.”

मी वाकून वायर काढायला लागलो. माझा माल, माझा प्रोग्राम, फुकट चालवायला मी काही धर्मशाळा उघडली नव्हती. तो उठला, मॉनिटरची वायर गुंडाळायला मदत करू लागला. अर्धी गुंडाळून थांबला.

“शेठ, शटडाऊन संपेपर्यंत हे इथे राहू दे.”

“का? कार्डं आहेत की ट्रंकेत.”

“महिना झाला कोनी हात लावला नाय त्यांना,” मामा म्हणाले. “कुठलं उलटं, कुठलं सरळ, देवाला ठावं. फिटर माझा जीव खातील.”

मी त्याच्याकडे वळलो. “मला काय मिळणार?”

“काय हवं?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याशी सौद्याला उभा राहिला होता. मी घाई केली नाही. रुमालानं हात पुसले. टेम्पोवाल्याला खूण केली, थांब.

“दोन गोष्टी. एक, सोमवारपासून दुकानात यायचं. दोन, पुन्हा कुठे असं काही दिसलं की आधी मला सांगायचं. कुणाच्याही आधी, पडद्याच्याही आधी.”

त्यानं वायरचा आणखी एक वेढा घेतला.

“पहिलं जमेल.”

“आणि दुसरं?”

“दुसरं नाही जमणार.”

“का नाही?”

“आधी तुम्हाला सांगितलं की तुम्ही त्याचं काहीतरी करता.”

मामांना खोकला आला, की हसू आलं, नक्की सांगता येणार नाही. “घ्या शेठ,” ते म्हणाले. “तुमी भाव करनारी मानसं. निम्म्यावर आलाय गडी, मिटवून टाका.”

मला इतका राग आला होता की मॉनिटर उचलून खाडीत टाकला असता. मी वायर त्याच्या हातातून ओढून घेतली आणि माझ्या हातानं मशीनला परत लावली. “पहिल्यावर मिटलं. शटडाऊन संपेपर्यंत. एक दिवस जास्त नाही.”

टेम्पो रिकामाच परत फिरला. “सेठ, माल नहीं मिला क्या?” ड्रायव्हर विचारत होता.

सोमवारी तो आला, स्टूल घेऊन. पुढे बरीच वर्षं माझ्याकडे राहिला. ते झाड आम्ही इतर कारखान्यांत लावलं, चांगल्या भावानं लावलं, त्यात मी कसर सोडली नाही. पण त्या सगळ्या वर्षांत त्यानं एकदाही मला आधी सांगितलं नाही. कुठे काही खोटं दिसलं, कुणाचा कागद अडकलेला दिसला, की ते मला बाकी सगळ्यांबरोबरच कळायचं, गिऱ्हाइकासमोर, उघड्या पडद्यावर. मी ओरडायचो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “ठरलं होतं ना, शेठ.”

ठरलं होतं. तोंडी ठरलं होतं, तांडेलमामांच्या देखत ठरलं होतं, आणि तोंडी सौदा मी आजवर मोडलेला नाही. माझी तक्रार तीच आहे.